कागदपत्रांनी दाखविलेले जहाज

कॅनडाच्या ईशान्य टोकाला, लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर रेड बे नावाचे मासेमारांचे एक लहानसे गाव आहे. लॅब्राडॉर आणि न्यूफाउंडलंड बेट यांच्यामधून बेल आइल ही अरुंद सामुद्रधुनी वाहते. तिच्या उत्तर तीरावर हे गाव वसले आहे. बंदराच्या मुखाशी सॅडल आयलंड हे खडकाळ बेट आडवे पडलेले असल्याने आतल्या पाण्याला वाऱ्यावादळापासून आडोसा मिळतो. या बेटावर आणि गावाच्या किनाऱ्यावर लाल कौलांचे तुकडे विखुरलेले असत. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला कौलाच्या तुकड्याचे नवल वाटणार नाही. परंतु जेथे घरे लाकडाची, जेथे कौले भाजण्याचा उद्योग कधी नव्हता आणि जेथे वर्षातील कित्येक महिने समुद्रच गोठून जातो, तेथे ही कौले आली कोठून?

या प्रश्नाचे उत्तर कॅनडाच्या इतिहासग्रंथांत नव्हते. ते सुमारे चार हजार किलोमीटर दूर, अटलांटिक महासागराच्या पलीकडे, स्पेनमधील एका जुन्या दप्तरखान्यात धूळ खात पडले होते. मृत्युपत्रे, करारनामे, विम्याचे कागद आणि कोर्टकज्जे यांच्या बाडांत ते चार शतके बांधलेले होते. ते एका स्त्रीने वाचले. आणि तिच्या वाचनाचा धागा धरून पाणबुडे समुद्राच्या तळाशी गेले, तेव्हा चारशे तेरा वर्षे पाण्याखाली निजलेले एक जहाज माणसाच्या दृष्टीस पडले. सोळाव्या शतकातील बास्क दर्यावर्दींच्या देवमाशांच्या शिकारीचा इतिहास आज उपलब्ध आहे तो या दोन शोधांमुळे. एक शोध कागदांतला, दुसरा पाण्यातला. यांतील पहिला घडला नसता, तर दुसऱ्याची वाटच कोणाला सुचली नसती.

देवमाशांचे शिकारी

स्पेन आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाशी आणि बिस्केच्या उपसागराच्या काठाने बास्क लोकांची वस्ती आहे. त्यांची भाषा युरोपातील इतर कोणत्याही भाषेशी नाते सांगत नाही. डोंगरावर ओक आणि बीच वृक्षांची अरण्ये, डोंगराच्या पोटात लोखंड आणि पायथ्याशी समुद्र, असा हा प्रदेश आहे. जहाज बांधण्यास जे जे लागते ते सर्व येथे हाताशी होते. त्यामुळे शेतीला जमीन अपुरी पडणाऱ्या या लोकांनी समुद्र हेच आपले शेत मानले, यात आश्चर्य नाही.

देवमासा हा नावाने मासा असला तरी वस्तुतः सस्तन प्राणी आहे, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बिस्केच्या उपसागरात हिवाळ्यात येणारी देवमाशाची एक जात बास्कांच्या विशेष परिचयाची होती. हा प्राणी संथपणे पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, त्याच्या अंगी चरबी विपुल असते आणि मेल्यावर तो सहसा बुडत नाही, तरंगतो. लहान होडीतून शिकार करणाऱ्याला याहून सोयीचे सावज कोणते? १०५९ सालापासून या शिकारीचे लेखी उल्लेख सापडतात. किनाऱ्यावरील टेकड्यांवर टेहळणीचे मनोरे उभारलेले असत. देवमाशाच्या नाकपुडीतून उडणारा फवारा दिसला की टेहळ्या धुराची खूण करी आणि गावातील होड्या वल्ही मारीत सुटत. ओंदारिबिया या नगराच्या १२९७ सालच्या मुद्रेवर होडीतून देवमाशावर भाला फेकणारी माणसे कोरलेली आहेत. जे गाव आपल्या राजमुद्रेवर शिकार कोरते, त्या गावाचे पोट त्या शिकारीवर चालत असले पाहिजे, हे उघड आहे.

या शिकारीमागे मुख्य लोभ होता तो तेलाचा. विजेचे आणि खनिज तेलाचे युग अजून फार दूर होते. दिवाबत्तीसाठी, लोकरीच्या कापडाच्या धंद्यात, साबण करण्यासाठी आणि कातडी कमावण्यासाठी देवमाशाच्या तेलाला युरोपभर मागणी होती. त्याच्या जबड्यातून निघणाऱ्या, शिंगासारख्या लवचिक पट्ट्यांनाही गिऱ्हाईक मिळे. सोळाव्या शतकाच्या आरंभी कॉड माशांच्या शोधात बास्क जहाजे न्यूफाउंडलंडपर्यंत पोहोचली, आणि तेथील सामुद्रधुनीतून देवमाशांचे कळप जाताना त्यांनी पाहिले. त्या सामुद्रधुनीच्या परिसराला त्यांनी ‘ग्रान बाया’, म्हणजे मोठा उपसागर, असे नाव दिले. १५४० नंतरच्या दशकांत तेथे दरवर्षी शिकारीची जहाजे जाऊ लागली आणि १५६० ते १५८० या काळात हा उद्योग ऐन भरात आला.

बंदरातील एक हंगाम

उन्हाळ्याच्या आरंभी जहाजे स्वदेश सोडीत आणि बहुधा हिवाळ्यातच, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, परत येत. मोठ्या जहाजावर शंभराहून अधिक माणसे असत. त्यांत नावाडी आणि शिकारी तर असतच. शिवाय सुतार, पिपे जोडणारे कारागीर, चरबी कापणारे, भट्टीवाले आणि हाताखालची पोरेही असत. अलीकडच्या तीरावर काहीही मिळणार नाही, हे गृहीत धरून सारे सामान बरोबर न्यावे लागे. भट्टीच्या छपरासाठी लाल कौले, तांब्याच्या काहिली, होड्या, दोरखंड, भाले, बिस्किटासारखी कडक भाकरी, खारवलेले मांस आणि सफरचंदाच्या रसाचे पीपच्या पीप मद्य, असा हा पसारा होता. तेलाची पिपे मात्र मोकळीच नेत. म्हणजे त्यांच्या पट्ट्यांचे भारे बांधून नेत आणि तिकडे पोहोचल्यावर कारागीर त्या जोडीत. जाताना जागा वाचे आणि येताना तीच पिपे तेलाने भरून येत.

शिकार लहान होडीतून चाले. या होडीला ते ‘चालुपा’ म्हणत. सहा-सात माणसे वल्ही मारीत देवमाशाच्या अगदी अंगाशी जात आणि पुढे उभा असलेला भालेकरी दोरीला बांधलेला अणकुचीदार भाला त्याच्या पाठीत रोवी. दोरीला बांधलेल्या ओढणीमुळे पळणारे जनावर हळूहळू दमे. मग लांब भाल्यांनी त्याचा शेवट करण्यात येई. पुष्कळ टनांचे ते धूड वल्ह्यांच्या बळावर बंदरात ओढून आणणे हे शिकारीहून कष्टाचे काम होते. बंदरात त्याची चरबी सोलून, तुकडे करून दगडी भट्ट्यांवर चढवीत. आपल्याकडील गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे दृश्य कल्पनेने उभे करणे अवघड नाही. रांगेने बांधलेली चुलवाणे, त्यांवर मोठाल्या काहिली, रात्रंदिवस पेटता जाळ आणि मळी काढण्यासाठी झारे घेऊन उभी असलेली माणसे. फरक एवढाच की येथे उसाच्या रसाचा गोड वास नव्हता. चरबीचा उग्र दर्प होता. चरबी वितळून उरलेला चोथाच पुन्हा जळण म्हणून वापरीत. तयार तेल थंड करून पिपांत भरीत. एका पिपात दोनशे लिटरहून अधिक तेल मावे.

अशा हंगामात एकट्या रेड बे बंदरात शेकडो माणसे राबत असत. त्या काळी उत्तर अमेरिकेच्या या भागात युरोपीय लोकांची कायमची वसाहत नव्हती. जेथे वसाहत नाही तेथे इतिहास नाही, अशी समजूत पुढे रूढ झाली; आणि सुमारे सत्तर वर्षे चाललेला हा प्रचंड उद्योग विस्मृतीत गेला.

दप्तरखान्यातील संशोधिका

ही विस्मृती दूर केली ती सेल्मा हक्सली बार्कम यांनी. त्यांचा जन्म १९२७ साली इंग्लंडमध्ये झाला. ज्यूलियन आणि आल्डस हक्सली यांचे जे प्रसिद्ध घराणे, त्याच घराण्यातील त्या. कॅनडात आल्यानंतर मॉन्ट्रियल येथे उत्तर ध्रुव प्रदेशाच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका संस्थेत त्यांनी ग्रंथपालाचे काम केले. त्यांचे पती ब्रायन बार्कम हे वास्तुविशारद. बास्क प्रदेशातील ग्रामीण घरांचा त्यांनी अभ्यास केला होता. १९५६ साली उभयता त्या प्रदेशात गेले असता, पूर्वी येथील दर्यावर्दी कॅनडाच्या किनाऱ्यापर्यंत जात असत, ही गोष्ट सेल्माबाईंच्या कानावर आली. ती त्यांच्या मनात रुतून बसली.

१९६४ साली ब्रायन बार्कम यांचे निधन झाले. पदरी चार मुले होती. एखाद्याने अशा वेळी जिज्ञासा बाजूला ठेवून नोकरीची वाट धरली असती तर त्याला कोणी दोष दिला नसता. सेल्माबाईंनी नोकरी केली. पण ती लुईबर्ग या जुन्या फ्रेंच किल्ल्याच्या जीर्णोद्धारासाठी कागदपत्रे तपासण्याची. त्या कामात बास्क मासेमारांची नावे पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढून जाऊ लागली. १९६९ साली स्पॅनिश भाषा शिकण्यासाठी त्या मुलांना घेऊन मेक्सिकोत गेल्या आणि १९७२ साली तेथून बास्क प्रदेशात आल्या. अपेक्षित अनुदान मिळाले नाही, तेव्हा इंग्रजीच्या शिकवण्या करून त्यांनी संसार चालविला. पुढे कॅनडाच्या राष्ट्रीय दप्तरखान्याने त्यांच्याकडे बास्क कागदपत्रांच्या शोधाचे काम सोपविले आणि हाताला थोडा आधार मिळाला. ओन्याती या लहानशा नगरात त्यांनी बिऱ्हाड थाटले. तेथील सोळाव्या शतकातील विद्यापीठाच्या वास्तूत गिपुस्कोआ प्रांतातील नोटरींची जुनी दप्तरे ठेवलेली होती.

ही दप्तरे वाचणे म्हणजे काय, हे मोडी वाचणाऱ्याला सांगावे लागणार नाही. त्या काळच्या स्पॅनिश नोटरींची ‘प्रोसेसाल’ नावाची लपेटीची लिपी होती. लेखणी न उचलता ओळच्या ओळ लिहीत जाणे, शब्दांत अंतर न सोडणे, अक्षराला अक्षर गुंतविणे हा तिचा स्वभाव. स्पॅनिश ही मातृभाषा असलेला सुशिक्षित मनुष्यही तिच्यापुढे निरक्षर ठरतो. सेल्माबाईंनी ही लिपी आत्मसात केली आणि वर्षानुवर्षे बाडामागून बाड उलगडले. ओन्यातीखेरीज बुर्गोस येथील विम्याचे कागद आणि वाय्यादोलिद येथील उच्च न्यायालयाची प्रकरणेही त्यांनी पाहिली.

बहुतेक संशोधकांना मोठ्या माणसांच्या मोठ्या कागदांचे आकर्षण असते. राजाची आज्ञापत्रे, सेनापतींचे खलिते, प्रवाशांची वर्णने यांत बास्क शिकाऱ्यांचा पत्ता नव्हता. सेल्माबाईंनी पाहिले ते व्यवहाराचे कागद. जहाज भाड्याने घेतल्याचा करार, कर्जरोखा, विम्याची पावती, बाकी राहिलेल्या तेलाबद्दलची फिर्याद, साक्षीदारांच्या जबान्या. असे कागद इतिहासासाठी लिहिले जात नाहीत. पैशासाठी लिहिले जातात, आणि म्हणूनच त्यांत तपशील चोख असतो. तेलाची वाटणी कशी होई ते या करारांवरून कळले. साधारणपणे एक चतुर्थांश तेल जहाजमालकाचे, एक तृतीयांश खलाशांचे आणि उरलेले शिधासामग्री पुरविणाऱ्या भांडवलदाराचे. कोणते जहाज कोणत्या बंदरात थांबले, कोणाशी कोणाचे भांडण झाले, कोण बुडाले, कोण गारठून मेले, हे सर्व हळूहळू उजेडात आले.

प्रश्न राहिला तो स्थळांचा. कागदांत येणारी बंदरांची नावे आजच्या नकाशावर नव्हती. १५७९ साली मार्तिन द ओयारसाबाल या बास्क नाविकाची समुद्रमार्गांची माहितीपुस्तिका प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील दिशा आणि अंतरे, जुने नकाशे आणि न्यायालयातील जबान्या पडताळून सेल्माबाईंनी एकेक बंदर नक्की केले. कागदांत ‘बुतुस’ अथवा ‘बुतेस’ या नावाने येणारे बंदर म्हणजे आजचे रेड बे, हा त्यांचा निष्कर्ष. याच बंदरात १५६५ साली ‘सान हुआन’ नावाचे जहाज बुडाल्याचे त्यांना एका दाव्याच्या कागदांत आढळले. पासाखेस बंदरातील हे जहाज तेलाची सुमारे हजार पिपे भरून परतीच्या तयारीत असताना वादळात सापडले, किनाऱ्यावर आपटले आणि बुडाले. माणसे वाचली. वर तरंगलेल्या आणि काढता आलेल्या मालावरून पुढे कज्जा उभा राहिला. तो कज्जा झाला नसता, तर जहाजाचे नावही उरले नसते.

कौले आणि ओकची फळी

१९७७ च्या उन्हाळ्यात सेल्माबाई काही पुरातत्त्वज्ञांसह लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर उतरल्या. कागदावर ठरविलेल्या जागी काय दिसते, याची ती परीक्षा होती. रेड बेच्या किनाऱ्यावर पायाखाली लाल कौलांचे तुकडे लागले. भट्ट्यांचे जळके दगड आणि चरबीचा काळा कीट दिसला. त्या मोहिमेतील न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठाचे जेम्स टक यांनी पुढील वर्षापासून जमिनीवरील उत्खनन हाती घेतले.

१९७८ साली कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचे पाणबुडे रॉबर्ट ग्रेनिए यांच्या नेतृत्वाखाली बंदरात उतरले. सॅडल आयलंडच्या किनाऱ्यावर १९६६ साली अडकलेले एक आधुनिक जहाज गंजत उभे होते. त्याच्या जवळच, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, सुमारे दहा मीटर खोल पाण्यात पाणबुड्यांना गाळातून डोकावणारी ओकची फळी दिसली. लॅब्राडॉरमध्ये ओक उगवत नाही. ही फळी युरोपातून आलेली होती. तिच्याखाली संपूर्ण जहाज होते.

काम सोपे नव्हते. भर उन्हाळ्यातही त्या पाण्याची थंडी हाडे गोठविणारी असे. पाण्यावरील नौकेतून नळीने गरम पाणी पाणबुड्यांच्या पोशाखात सोडण्याची युक्ती करण्यात आली, तेव्हा कोठे तासन्‌तास काम करणे शक्य झाले. तळावर चौकटी आखून, गाळ हळूहळू शोषून घेऊन, प्रत्येक वस्तूची जागा मोजून नोंदविण्यात आली. १९८५ पर्यंत चाललेल्या या उत्खननात पाणबुड्यांनी चौदा हजारांहून अधिक तास पाण्याखाली घालविले. जमिनीवरील उत्खननात जी शिस्त पाळली जाते ती सर्वच्या सर्व पाण्याखाली पाळता येते, हे या कामाने सिद्ध केले.

जे थंड पाणी माणसाला वैरी होते तेच जहाजाचे रक्षक ठरले. लाकूड पोखरणारे किडे अशा पाण्यात फारसे टिकत नाहीत. वरच्या बाजूचे लाकूड बर्फाने झिजविले होते. परंतु जहाज तळावर उकललेल्या पुस्तकासारखे पसरले होते आणि गाळाने त्याला झाकून घेतले होते. तीन हजारांच्या आसपास लाकडे मिळाली. जहाजाखाली दडपलेला एक चालुपा मिळाला, सुमारे आठ मीटर लांबीचा. दिशादर्शक होकायंत्र आणि त्याची पेटी, वाळूचे घड्याळ, जहाजाचा वेग मोजण्याचे साधन, एक लहान तोफ, नांगर, पाणी उपसण्याचा पंप, आणि तेलाच्या पिपांचे असंख्य तुकडे मिळाले.

हेच ते ‘सान हुआन’ होय का? जहाजावर कोठेही नाव कोरलेले सापडले नाही. परंतु काळ जुळतो, जागा जुळते, आकार जुळतो, पोटातील पिपांचा माल जुळतो. त्यामुळे बहुतेक अभ्यासक हे ‘सान हुआन’च असल्याचे मानतात. याच बंदरात पुढे आणखीही काही जुनी जहाजे आढळली. म्हणून निर्णय देताना ‘मानले जाते’ एवढाच शब्दप्रयोग करणे इतिहासाच्या शिस्तीला धरून होईल.

लाकडाची साक्ष

कागदांनी जहाजाचा ठाव सांगितला. पण जहाज कसे बांधले होते हे कागद सांगत नव्हते. त्या काळचा जहाजबांधणी करणारा सुतार आपली विद्या पुस्तकात लिहीत नसे. ती त्याच्या हातात असे आणि हातानेच मुलाच्या हाती जाई. ही न लिहिलेली विद्या जहाजाच्या लाकडांतून वाचता आली. सुमारे बावीस मीटर लांबीच्या या जहाजाचा कणा बीच वृक्षाच्या एकाच खोडातून काढलेला होता. बाकीचे बहुतेक लाकूड ओकचे होते. मधल्या काही बरगड्या आधीच मापाने घडवून जोडलेल्या होत्या आणि पुढच्या-मागच्या बरगड्या फळ्या चढत जातील तशा बसविल्या होत्या. म्हणजे गणिताने जहाज बांधण्याची पद्धत आणि नजरेने जहाज बांधण्याची पद्धत, अशा दोहोंच्या मधला टप्पा येथे दिसतो.

लाकडांच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली. वाकड्या भागासाठी वाकड्या वाढलेल्या फांद्या वापरल्या होत्या आणि त्या योगायोगाने वाढलेल्या नव्हत्या. जहाजाला हवा तसा आकार यावा म्हणून बास्क लोक कोवळ्या ओकची छाटणी करून त्याला वळण लावीत. आज लावलेल्या झाडाचे लाकूड आपल्याला नव्हे, नातवाला मिळणार, हे ठाऊक असून हे काम होत असे. एका जहाजाला दोनशेंच्या आसपास ओक लागत. जहाजाचा इतिहास अशा रीतीने बंदरावरून अरण्यापर्यंत जाऊन पोहोचला.

परत न गेलेली माणसे

जमिनीवर जेम्स टक यांच्या पथकाला भट्ट्या, पिपे जोडण्याच्या शाळा आणि राहण्याच्या जागा सापडल्या. सॅडल आयलंडच्या एका बाजूला दफनभूमी आढळली. तेथील साठांहून अधिक कबरींत एकशे चाळीसच्या वर माणसांचे अवशेष होते. काही कबरींत अनेक माणसे एकत्र पुरलेली होती. होडी उलटून एकाच वेळी बुडालेली, किंवा बर्फ लवकर गोठल्याने अडकून पडलेली, अशी ही माणसे असावीत. १५७६-७७ च्या हिवाळ्यात परतीची वाट बर्फाने अडवली आणि अनेक शिकारी त्या किनाऱ्यावर मृत्यू पावले, असे कागदपत्रे सांगतात.

त्यांपैकी फारच थोड्यांची नावे आज कळतात. हुआन मार्तिनेस द लार्रुमे या खलाशाने २२ जून १५७७ रोजी बुतुस बंदरात मृत्युपत्र केले. होआनेस द एचानिस या दुसऱ्या खलाशाने त्याच किनाऱ्यावर २४ डिसेंबर १५८४ रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, आपले मृत्युपत्र लिहविले. आजच्या कॅनडाच्या भूमीवर लिहिल्या गेलेल्या सर्वांत जुन्या खाजगी दस्तऐवजांत यांची गणना होते. एका विशाल देशाच्या लेखी इतिहासाचा आरंभ राजाच्या घोषणेने न होता मरणोन्मुख खलाशांच्या निरवानिरवीने व्हावा, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

देवमाशांचे काय झाले?

या कथेला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याविना इतिहास पुरा होत नाही. शेकडो माणसांच्या कष्टाने आणि मरणाने जो उद्योग उभा राहिला, त्याने ज्या प्राण्याच्या जिवावर पोट भरले त्याचे पुढे काय झाले?

प्रारंभी असा समज होता की लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर बास्कांनी मारलेल्या देवमाशांपैकी निम्म्याच्या आसपास बिस्केच्या उपसागरातील त्यांच्या जुन्या ओळखीच्या जातीचे असावेत. ही जात आज अटलांटिकमध्ये नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि तिच्या ऱ्हासाचे मोठे खापर या शिकारीवर फोडले जात असे. रेड बे येथील हाडांची आनुवंशिक द्रव्यावरून तपासणी झाली, तेव्हा निराळेच चित्र दिसले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तपासलेल्या २१ हाडांपैकी केवळ एकच त्या जातीचे निघाले. उरलेली २० हाडे धनुष्याकृती जबड्याच्या, बर्फाळ समुद्रात राहणाऱ्या दुसऱ्या जातीची होती. यामुळे आरोपाचे स्वरूप बदलले. आरोप नाहीसा झाला नाही. त्या दुसऱ्या जातीचे कळप या किनाऱ्यावर विरळ होत गेले, हे खरेच. त्यातच १५८८ च्या स्पॅनिश आरमाराच्या मोहिमेसाठी राजाने बास्क जहाजे आणि खलाशी वेठीस धरले. आणि सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज व डच यांनी स्पिट्सबर्गेनच्या समुद्रात शिकारीचे नवे क्षेत्र खुले केले. त्यांना ही विद्या प्रथम शिकविली ती पगारी नोकर म्हणून गेलेल्या बास्क शिकाऱ्यांनीच. रेड बेच्या भट्ट्या थंड पडल्या, छपरे कोसळली आणि कौले किनाऱ्यावर विखुरली.

पुन्हा पाण्याखाली

समुद्रातून वर काढलेले जुने लाकूड हवेत सुकले की तडकते आणि त्याचा भुगा होतो. ते टिकवायचे तर वर्षानुवर्षे रासायनिक संस्कार करावे लागतात आणि त्याला अपार खर्च येतो. ‘सान हुआन’ बाबत वेगळा निर्णय घेण्यात आला. प्रत्येक लाकूड वर आणून त्याचे मापाबरहुकूम रेखाटन करण्यात आले, ठसे घेण्यात आले, एक-दशांश आकाराची प्रतिकृती बनविण्यात आली आणि नंतर सारी लाकडे पुन्हा त्याच बंदराच्या तळाशी वाळूखाली पुरून, वर आच्छादन घालून झाकून टाकण्यात आली. चालुपा मात्र संस्कार करून जतन करण्यात आला. तो रेड बे येथे पाहावयास मिळतो. सापडलेली वस्तू मिरवण्यापेक्षा ती पुढच्या पिढीच्या अभ्यासासाठी राखून ठेवणे अधिक महत्त्वाचे, हे तत्त्व या निर्णयामागे होते. या उत्खननाचा पाच खंडांचा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला.

पाण्याखालील वारसा शक्यतो जागच्या जागी जतन करावा, हे तत्त्व युनेस्कोच्या २००१ सालच्या आंतरराष्ट्रीय करारातही अग्रक्रमाने मांडण्यात आले. आणि पाण्याखालील वारशासाठी युनेस्कोने जे बोधचिन्ह स्वीकारले त्यात ‘सान हुआन’चीच आकृती आहे. २०१३ साली रेड बे जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाले. पुढल्या वर्षी, २०१४ मध्ये, पासाइया म्हणजे जुन्या पासाखेस बंदरात, त्या रेखाटनांच्या आधारे जहाजाची पूर्णाकृती प्रतिकृती बांधण्याचे काम सुरू झाले. ज्या बंदरातून जहाज गेले होते, त्याच बंदरात त्याचा कणा पुन्हा घातला गेला.

सेल्मा बार्कम यांना १९८० साली कॅनडाच्या भूगोल संस्थेचे सुवर्णपदक आणि १९८१ साली ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान मिळाला. २०२० साली त्या निवर्तल्या. बुडालेल्या जहाजाची छायाचित्रे जगभर झळकतात. बाडांवर वाकलेल्या बाईचे छायाचित्र तेवढे झळकत नाही. परंतु त्या पाणबुड्यांना कोठे उतरायचे हे सांगितले ते बाडांनीच.

मराठी वाचकाला या कथेतील काही गोष्टी परक्या वाटणार नाहीत. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून, घरोघरच्या माळ्यांवरील दप्तरे सोडवून कागद गोळा करीत. त्या कागदांतूनच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उभी राहिली. राजवाडे ज्या घरांत वेळेवर पोहोचले तेथील इतिहास वाचला. जेथे त्यांच्या आधी वाळवी पोहोचली तेथील गेला. गोव्यात दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सुंची खडकाजवळच्या समुद्रात सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले; त्यांत हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दातही होते. आपल्या किनाऱ्यावरही समुद्राच्या तळाशी बाडे पडली आहेत, एवढे त्यावरून दिसते.

ओन्यातीच्या दप्तरखान्यात त्या नोटरींचे कागद कोणी चारशे वर्षे सांभाळले, त्यांची नावे कोणत्याही अहवालात नाहीत. या कागदांचा पुढे काय उपयोग होईल याची त्यांना कल्पना नव्हती. त्यांनी ते ओल लागू दिले नाहीत, रद्दीत घातले नाहीत, एवढेच केले. ज्या संस्थांनी शंभर वर्षे पुस्तके आणि कागद राखले आहेत, त्यांच्या कपाटांतही न वाचलेली एखादी ओळ असेल. ती वाचणारा आज आला नाही तरी उद्या येईल. तोवर ती ओळ शाबूत ठेवणे हे ग्रंथालयांचे काम आहे.